जिवंत माणसाची रांगोळी

परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात आता कलादालन आहे. तिथे मी बर्फाची एक लादी पाहिली. पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवलेली, आत सुताची लड गोठवलेली, खाली पत्र्याची परात. लादी वितळत होती आणि पंधरावीस माणसं हात मागे बांधून ते वितळणं बघत होती. बाजूच्या कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं की लादी ही कलाकृती नव्हे, वितळणं ही कलाकृती आहे. लालबागच्या मासळी बाजारात ही कला रोज सकाळी होते. फरक इतकाच की तिथे लादीवर पापलेट असतं आणि पाणी चपलेत शिरलं की माणूस चिंतन करत नाही, शिवी देतो.

ती लादी मांडणारी बाई आमच्या घरी आली, तिथून हे सगळं सुरू झालं. तिच्याबद्दल मी पुष्कळ वाईट बोलणार आहे आणि ते मागे घेणार नाही. पण गोष्ट तिची नाही. माझ्या बायकोला स्वतःचा चेहरा रांगोळीत बघायचा होता, आणि बघायला डोळे फार दिवस उरले नव्हते. गोष्ट एवढीच आहे.

मी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. पण आमच्या भागात मला मास्तर म्हणून कमी आणि रांगोळीवाला म्हणून जास्त ओळखतात. दिवाळीत आमच्याकडे शाळांच्या वर्गांत रांगोळ्यांची प्रदर्शनं भरतात. बाक बाहेर काढायचे, पंखे बंद करायचे, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवायची आणि फरशीवर माणसाचा चेहरा काढायचा. दारातली ठिपक्यांची रांगोळी वेगळी, ही वेगळी. पुढारी, संत, नट्या, क्रिकेटवाले, सगळे हुबेहूब. विटांवर फळी टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं आणि चिमटीतून रंग सोडत राहायचं. शिंक आली तर दाबायची. लोक दोरीपलीकडून बघतात आणि हा फोटोच अंथरलाय यावर भांडतात. भाऊबीज उलटली की ज्याने काढली त्याने स्वतःच्या हाताने झाडायची. पाच दिवसांची मेहनत पाच मिनिटांत सुपलीत जाते, आणि आमच्यातल्या एकानेही त्याला कधी इंग्रजी नाव दिलं नव्हतं.

रंग माझी बायको करायची. बाजारात मिळतो तो रंग भडक असतो, तो तसाच चेहऱ्यावर टाकला तर माणूस तमाशातला दिसतो. एका गालाला सात-आठ छटा लागतात, हनुवटीखालच्या सावलीला वेगळ्या. ती पांढऱ्या रांगोळीत रंग घोटायची, मलमलीतून गाळायची आणि स्टीलच्या वाट्यांत फिकटापासून गडदापर्यंत ओळ लावायची. कातडीचा रंग तिच्यासारखा कोणाला जमत नसे. करी रोडचे, काळाचौकीचे रांगोळीवाले माझ्याकडे येऊन विचारायचे, मास्तर, हा गव्हाळ रंग कसा जमवता? मी हसायचो. ती आत चहा टाकत असायची.

लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे मागितलेली एकच गोष्ट मी दिली नाही. ती म्हणायची, एकदा मला काढा. माझ्याकडे उत्तर तयार असायचं. मला ज्यांनी ही कला शिकवली त्यांचा दंडक होता की घरातलं जिवंत माणूस रांगोळीत काढायचं नाही. जे काढलं ते आपल्या हाताने झाडावं लागतं, आणि घरच्या माणसाच्या तोंडावरून झाडू कसा फिरवणार? त्यांनी स्वतःच्या आईला काढलं ते ती गेल्यावर, वर्षश्राद्धाच्या वेळी. आमच्यातले सगळे हे पाळतात. ती वाद घालायची. म्हणायची, एवढे पुढारी काढलेत, एवढ्या नट्या काढल्यात, त्यांना काय झालं? ती एक तर अजून टीव्हीवर नाचतेय. मी सांगायचो, ते घरचे नव्हेत. मग ती पुढच्या नटीचा गाल घोटायला घ्यायची.

तीन वर्षांपूर्वी तिला काचबिंदू निघाला. आधी आजूबाजूचं जातं, समोरचं नळीतून बघितल्यासारखं राहतं, मग तेही जातं. परळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंब घालून जितकं टिकेल तितकं. ती रडली वगैरे नाही. दोन दिवसांनी थेंब घालून आडवी पडली होती, तेव्हा छताकडे बघत म्हणाली, "दिसतंय तोवर काढा हो एकदा."

मी म्हटलं, असलं अभद्र बोलू नकोस.

त्याच्या पुढच्या दिवाळीला ती कलावंत बाई आमच्या प्रदर्शनात आली. वय तिशीच्या पुढे, दादरच्या चांगल्या घरातली, परदेशात शिकून आलेली. अंगात काळा सुती झगा, पायात शेतकऱ्याच्या वहाणा, त्याही नव्या कोऱ्या. लोक रांगोळी बघत होते, ती वर्गातल्या कोपऱ्यात उभी राहून मी खाली सांडलेल्या रंगाचे फोटो काढत होती. मला म्हणाली की रिझल्टपेक्षा तिला प्रोसेसमध्ये इंटरेस्ट आहे. मी म्हटलं, प्रोसेस बघायची तर परवा यायला हवं होतं, पाठ धरली होती माझी. तिने ते वहीत लिहून घेतलं.

मग तिने मला आपलं काम बघायला बोलावलं. ती बर्फाची लादी तेव्हाच बघितली. लादीच्या पुढे एक मोठा फोटो होता: वरळीच्या खडकांवर ओहोटीला तिने चुन्याने एक वर्तुळ काढलं होतं आणि भरतीने ते पुसलं होतं. त्याला लँड आर्ट म्हणायचं. शिवाजी पार्कात रोज सकाळी एक माळी क्रिकेटच्या खेळपट्टीवर चुन्याची रेघ मारतो. ती संध्याकाळी पुसली जाते. तो बिचारा तिचा फोटो काढत नाही, नाहीतर आज तोही परदेशी जाऊन आला असता. तिसऱ्या भिंतीवर नुसता एक कोरा कागद चौकटीत लावला होता. कार्डावर लिहिलं होतं की या कागदावर एका चित्राचा विचार केला गेला आहे. मी कागद खालून, वरून, बाजूने बघितला. विचाराचा डागसुद्धा नव्हता.

हे प्रकार मला नवे नव्हते. आम्ही कलाशाळेत असतानाच एक सर परदेशी जाऊन आले होते. तिकडे म्हणे कोणी वाळवंटात बुलडोझर लावून चर खणतो, कोणी शिसं वितळवून भिंतीच्या कोपऱ्यात ओततो, कोणी कल्पना कागदावर टाइप करून विकतो, आणि ती करून दाखवायची जबाबदारी घेणाऱ्याची. सर म्हणाले, यापुढे हाताला किंमत नाही, डोक्याला आहे. आम्ही तेव्हा आठ तास पुतळ्यासमोर बसून नाक नीट काढायला शिकत होतो. वर्गात ज्याला सर्वांत कमी चित्र काढता येत होतं तो ते ऐकून सर्वांत खूश झाला. पुढे तोच टीकाकार झाला. मी तेव्हाच मनाशी ठरवलं की ज्यांचा हात चालत नाही त्यांचं हे डोकं चालवणं आहे. आजही माझं मत तेच आहे.

एका दुपारी ती कलावंत बाई घरी आली. आमची चाळ पाडून झालेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर आम्ही राहतो. खिडकीतून समोरचा टॉवर दिसतो आणि दुसरं काही दिसत नाही. तिने खिडकीचेही फोटो काढले. मग कल्पना सांगितली. परळ-लालबागच्या चार रांगोळीवाल्यांनी कलादालनाच्या फरशीवर आपल्या सर्वांत जवळच्या माणसाचा चेहरा काढायचा. उद्घाटनाला जमलेल्या लोकांनी त्यावरून चालत जायचं. चेहरा नाहीसा होत जाईल, त्याचं शूटिंग होईल, आणि ते नाहीसं होणं म्हणजे कलाकृती. मी तिला आमचा दंडक सांगितला. म्हटलं, यात जिवंत माणूस येत नाही. तिचे डोळे असे चमकले की मी घाबरलो. आपण हवेत दगड मारला आणि आंबा पडला, असं तिचं तोंड झालं.

"काका, हेच तर हवंय. हा टॅबूच माझं मटेरियल आहे."

चार पिढ्यांनी जपलेली भीती हिचं मटेरियल. मी काही बोलणार तेवढ्यात ती चहा घेऊन आलेल्या माझ्या बायकोकडे वळली आणि तिने विचारलं, "काकू, काकांनी तुम्हाला काढलंय कधी?"

बायकोने ट्रे ठेवला. म्हणाली, "नाही. पण मला चालेल."

मी दोघींकडे रागाने बघितलं. ती बाई गेल्यावर बायकोला सुनावलं की बाहेरच्या माणसासमोर घरचं काय बोलायचं याला काही ताळतंत्र असतं. मी नकार कळवणार होतो, अगदी नक्की. पण बाकीचे तिघे तयार झाले होते. गिरणीच्या त्या आवारात, जिथे माझ्या बापाने साच्यावर कापड विणत आयुष्य घालवलं, तिथल्या भिंतीवर आपलं नाव लागेल, या विचाराने मलाही भुरळ पाडली. खोटं कशाला बोलू. आयुष्यभर शाळेच्या वर्गात चित्रं काढलेल्या माणसाला कलादालन म्हटलं की लाळ सुटते, मग तिथे बर्फ का ठेवलेला असेना.

मग मी तोडगा काढला, आणि त्यावर स्वतःशीच फार खूश झालो. लालबागला एक फोटो स्टुडिओ होता, तो बंद पडला तेव्हा शोकेसमधला एका बाईचा फोटो मालकाने मला दिला होता. गोरी, नाकेली, मान जराशी कललेली. कोणाची कोण, त्यालाही माहीत नव्हतं. मुलांना शिकवायला मी तो वापरायचो. ठरवलं की हीच काढायची आणि सांगायचं की ही माझी बायको. दंडक मोडणार नाही, आणि त्या कल्पनावाल्यांना काय कळणार आहे? जे कोऱ्या कागदात विचार बघतात त्यांना कुठल्याही बाईत माझी बायको दिसेल. दिवाणखान्यातून फोन करून मी होकार कळवला. मोठ्याने म्हटलं, हो, मिसेसना काढतोय.

बायको स्वयंपाकघरात होती. तिने ते ऐकलं.

मी तिला तोडगा सांगितला नाही. लपवायचा म्हणून नव्हे. मला वाटलं, इतकी वर्षं रंग घोटतेय, दंडक तिला माझ्याइतकाच ठाऊक आहे, मी तिला काढणार नाही हे तिला कळायला सांगावं कशाला लागतंय? आमच्यात कुठलाच नवरा सांगत नाही. बायकोने समजून घ्यायचं असतं, अशी आमची पद्धत.

दुसऱ्या दिवशी ती रंग करायला बसली. खिडकीपाशी चटई टाकली, वाट्या मांडल्या. एरवी ती फोटो समोर ठेवून रंग जुळवते. या वेळी फोटो मागितलाच नाही. हाताचा पंजा उन्हात धरून बघायची, मग वाटीत, मग परत पंजाकडे. एकदा आरसा घेऊन बसलेली दिसली, नाकाला लागेल इतका जवळ. मला वाटलं, डोळ्यात काही गेलं असेल. चार दिवसांनी वाट्या माझ्यापुढे आल्या आणि माझं डोकं फिरलं. सगळा रंग सावळा.

मी म्हटलं, किती काळपट केलायस, दिसत नाही का तुला?

"इतकाच आहे," ती म्हणाली.

मी तिच्या डोळ्यांना दोष दिला. मनात नव्हे, तोंडावर. म्हटलं, आता तुझ्याच्याने रंग व्हायचे नाहीत. आणि तिच्यासमोर एकेका वाटीत पांढरी रांगोळी ओतून ढवळत बसलो. ती जागेवरून उठली नाही. सगळ्या वाट्या फिक्या होईपर्यंत बघत राहिली.

कलादालनात चार दिवस काम चाललं. पहिला दिवस भांडणात गेला, कारण एसी बंद करायला कोणी तयार नव्हतं. वाऱ्याने रंग उडतो म्हटल्यावर ती बाई म्हणाली, उडू द्या, तीही प्रोसेसच. आमच्यातल्या काळाचौकीच्या गृहस्थांनी तिला सांगितलं की बाई, माझी आई आहे ती, तिचं नाक उडालं तर मी तुमचं शूटिंग उडवीन. त्यांची आई वारून वीस वर्षं झाली होती. म्हणजे चौघांपैकी एकानेही घरचं जिवंत माणूस काढलं नव्हतं. एकाने गेलेल्या भावाला काढलं होतं, एकाने लहानपणी वारलेल्या मुलीला, आणि मी शोकेसमधल्या बाईला. ठरवून नव्हे, ज्याने त्याने आपापला दंडक सांभाळला होता. ती कलावंत बाई मात्र कॅमेऱ्यासमोर उभी राहून इंग्रजीत सांगत होती की या कारागिरांनी आयुष्यात पहिल्यांदा जिवंतपणाला हात घातला आहे.

तिसऱ्या दिवशी भिंतीवर कार्ड लागलं. त्यावर तिचं नाव, कामाचं शीर्षक, आणि माध्यम म्हणून लिहिलं होतं: रांगोळी, पावलं, गिरणगावचे हात. आमची नावं नव्हती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती जराही ओशाळली नाही, उलट समजावू लागली. "काका, कन्सेप्ट माझा आहे ना. एक्झिक्यूशन कोणीही करू शकतं." मी म्हटलं, मग तुम्ही करा. ती हसली. तिला तो विनोद वाटला. मी फळीवर परत पालथा पडलो, कारण ओठ अर्धे राहिले होते आणि अर्धे ओठ टाकून मला जाता येत नाही. या लोकांचा धंदा आमच्यासारख्यांच्या याच खोडीवर चालतो.

उद्घाटन संध्याकाळी होतं. मी बायकोला ये म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. ती आली. भाचीच्या लग्नात घेतलेली जांभळी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि सोबत आमच्या मजल्यावरच्या दोघी. तिने अख्ख्या मजल्याला सांगितलं होतं. दारातच त्यांतली एक मला म्हणाली, भावोजी, अखेर काढलंत म्हणे आमच्या वहिनीला. तेव्हा मला कळलं. वाट्या कळल्या, पंजा कळला, आरसा कळला. हातात कुणीतरी सरबताचा पेला दिला होता, तो कुठे ठेवायचा हेही सुचेना.

बायको दोरीपाशी गेली. तिला एका वेळी थोडंच दिसतं, त्यामुळे आठ फुटांचा चेहरा एकदम दिसणं शक्य नव्हतं. ती दोरी धरून फिरत राहिली. आधी कान बघितला. मग गालाशी थांबली. मग वाकून नाक बघितलं, मग ओठ, मग पलीकडे जाऊन मानेचा कलता भाग. पूर्ण फेरी मारली आणि पुन्हा कानापासून सुरुवात केली. सोबतची बाई हळूच तिला म्हणाली, "ही कोण गो?" बायकोने तिचा हात दाबला.

तेवढ्यात ती कलावंत बाई माणसं घेऊन आली आणि या त्या वाइफ म्हणून ओळख करून दिली. काळ्या कपड्यांतली दहाबारा माणसं एकदा फरशीकडे आणि एकदा माझ्या सावळ्या, बसक्या नाकाच्या, चष्मेवाल्या बायकोकडे बघू लागली. आणि मग एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ म्हणाला, काय साम्य आहे, विशेषतः डोळ्यांत. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकीला भरून आलं. तिने माझ्या बायकोचे दोन्ही हात हातात घेतले. मी या लोकांबद्दल आयुष्यभर जे म्हणत आलो ते त्या मिनिटाला तंतोतंत खरं ठरलं, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

बायको त्या सगळ्यांना थँक यू म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मग चालणं सुरू झालं. त्या कलावंत बाईला म्हणे काकूंचं पहिलं पाऊल हवं होतं. बायकोने गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि खुर्ची मागून घेतली. लोकांनी चपला काढल्या, काहींनी काढल्या नाहीत. पहिल्यांदा गालावरून गेले, मग कपाळावरून. काळाचौकीचे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अर्ध्या तासात चारही चेहऱ्यांची एकच करडी माती झाली, लोक आपापल्या रंगीत तळव्यांचे फोटो काढू लागले, आणि टाळ्या झाल्या. बायको भिंतीवरच्या कार्डापाशी गेली होती. एकेक शब्द जवळून वाचत होती. मला विचारलं, "तुमचं नाव कुठाय?" मी म्हटलं, नाही घातलं. तिने ते कार्ड पुन्हा पहिल्यापासून वाचलं, बहुधा आपल्याच डोळ्यांतून सुटलं असेल म्हणून.

टॅक्सीत शेजारणी इकडच्या-तिकडच्या गप्पा मारत होत्या, रांगोळीचा विषय सगळ्यांनी टाळला. करी रोडचा पूल आला तेव्हा ती खिडकीकडे बघत म्हणाली, "स्टुडिओतली ना?"

मी हो म्हटलं.

ती म्हणाली की लग्नानंतर आपण फोटो काढायला गेलो होतो तेव्हा ती तिथे लावलेली होती, आणि तुम्ही माझ्या पदराकडे न बघता तिच्याकडेच बघत होतात. हे तिने रागाने म्हटलं नाही. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं.

नंतरचे काही महिने मी त्या बाईला शिव्या देण्यात घालवले. कोपऱ्यावर, कट्ट्यावर, जो भेटेल त्याला तिची लादी आणि तिचा कोरा कागद सांगून हसवलं. लोक हसतात, कारण ते खरंच हास्यास्पद आहे. पण हसून घरी आलो की एक गोष्ट टोचायची. इतक्या वर्षांत माझ्या घरात येऊन, काकू, तुम्हाला काढलंय का कधी, असं विचारणारी ती एकटीच. आणि तो दंडक. माझ्या गुरूंना त्याची खरी भीती होती, मला नव्हती. मला ठाऊक होतं की बसक्या नाकाची, सावळी, कोणालाही माहीत नसलेली बाई काढली तर शाळेच्या दारात रांग लागणार नाही. लोक विचारतील, ही कोण? दंडक माझ्या सोयीचा होता. ती समोर बसून नट्यांचे गाल घोटत होती आणि मी तिच्याकडे चित्र काढण्याजोगं काही नाही असं धरून चाललो होतो. त्या कलादालनातल्या सगळ्या माणसांपेक्षा मी वाईट बघणारा निघालो. त्यांनी तिला दोन मिनिटं बघितलं होतं, मी चाळीस वर्षं.

या दिवाळीला मी शाळेत नाव दिलं नाही. बाहेरच्या खोलीतला दिवाण उभा केला, फरशी धुतली, फळी काढली. डाव्या डोळ्याचं तिचं सगळं गेलंय, उजव्याने उजेड आणि हालचाल कळते, हातभर अंतरावरचं माणूस आवाजाने ओळखते. रंग मी स्वतः केले, तिच्या पंजाशेजारी वाटी धरून, दहा वेळा चुकलो. मग तिला हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की तुला काढतो. झाडणार नाही. तशीच ठेवीन, तिच्यावर कोणाचा पाय पडू देणार नाही, पाहुणे आले तर भिंतीकडेने आतल्या खोलीत नेऊन बसवीन.

तिने खुर्चीतून वाकून धुतलेली फरशी हाताने चाचपली. मला वाटलं, हो म्हणेल.

"आता नको," ती म्हणाली. "आता तुम्ही कोणालाही काढाल आणि सांगाल, ही तूच. आणि मला ते खरं मानावं लागेल."